दत्तूभाऊजींचा डावा पाय

भोपाळात मराठी घरी कार्य निघालं की पहिली पत्रिका गणपतीपुढे आणि दुसरी दत्तूभाऊजींच्या हातात, असा आमच्यात न बोललेला नियम होता. गणपती एखाद्या वेळी समजून घेईल, भाऊजी नाही घेणार. लग्न असो, मुंज असो, कुणाची साठीशांत असो, पंगत बसणार असेल तर वाढायला ते हवेतच. कुणाला वाटेल, हा केटररचा माणूस असेल. छे! भाऊजी अवजड यंत्रांच्या कारखान्यात टेक्निशियन होते. मोठमोठ्या विजेच्या मोटारींमध्ये तांब्याच्या तारा गुंडाळायचं, म्हणजे वायंडिंगचं काम त्यांनी उभा जन्म केलं. वाढणं हा त्यांचा शौक. काही लोक क्रिकेट बघतात, काही पत्ते कुटतात, आमचे भाऊजी वरण वाढत.

मी त्यांची मेव्हणी, निर्मला. कुसुमताई माझी थोरली बहीण. मध्य प्रदेशची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा सरकारी फायलींबरोबर आमचे वडीलही इकडे आले, आणि शिवाजी नगरच्या क्वार्टरात आम्ही दोघी वाढलो. ताईसाठी स्थळ बघताना वडिलांची एकच अट होती, मुलगा आपल्या तिकडचा हवा. वर्ध्याहून नोकरीला आलेले दत्तात्रय त्यांना पसंत पडले ते कुणाच्या तरी लग्नाच्या पंगतीत. "पोरगा तुपाची धार अशी धरतो की एक थेंब भाताबाहेर जात नाही," ते घरी येऊन आईला म्हणाले, "असा माणूस संसार सांडू देणार नाही." वडिलांचं हे गणित मला कधीच कळलं नाही, पण ताई सुखात राहिली हे कबूल करायला हवं.

भाऊजींना वाढताना बघणं हा एक कार्यक्रमच असे. पायजमा पोटरीपर्यंत दुमडलेला, खांद्यावर पंचा, डाव्या हातात वाफाळत्या वरणाची बादली, उजव्या हातात ओगराळं. आणि पाय अनवाणी. पानांच्या मधून चप्पल घालून फिरणं म्हणजे देवघरात बूट नेणं, असं त्यांचं ठाम मत. दोन ओळींच्या मधल्या हातभर वाटेतून ते असे सरसर जात की बसलेल्याच्या गुडघ्याला कधी धक्का लागला नाही. जिलबी आली की मग त्यांच्या अंगात यायचं. "घ्या हो, एक घ्या, माझ्यासाठी घ्या," म्हणत ते पानात जिलबी टाकणार, आणि स्वयंपाकघराकडे परत जाताना एक स्वतःच्या तोंडात टाकणार. मी म्हणायची, "भाऊजी, तुम्ही वाढता की वाटणी करता?" त्यावर ते हसून आणखी एक तोंडात टाकायचे.

त्या जिलब्यांनी त्यांना सोडलं नाही. कारखान्याच्या दरवर्षीच्या तपासणीत शुगर निघाली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. "थोडीशी आहे," असं ते सांगत, जणू वरणात टाकलेला गुळाचा खडा. गोळ्या आठवतील तेव्हा घेत. सकाळी फिरायला जात, ते खरं, पण फिरणं जिथे संपे तिथे पोहे-जलेबीचा ठेला होता. ताई ओरडायची. मी टोमणे मारायची. त्यांची मुलगी तन्वी बँकेत आहे, ती हिंदी-मराठीची खिचडी करून म्हणायची, "पप्पा, यार, सीरियसली घ्या ना थोडं!" भाऊजी सगळ्यांचं ऐकून घेत. ऐकून घेण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता.

निवृत्तीनंतर पाय सुरू झाले. आधी बोटांना मुंग्या, मग तळव्यांना आग. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. भाऊजींची आग तळपायातच राहायची, मस्तकात जायची ती ताईच्या. दिवसभर काही नाही, अंथरुणावर पडलं की मिरच्या चोळल्यासारखं. पांघरुणाचा नुसता स्पर्श झाला तरी चटका बसायचा. ते उठून उघड्या फरशीवर पाय टेकवून बसत, ओला टॉवेल गुंडाळत, कूलरचं तोंड आपल्या पायांकडे वळवत. अयोध्या नगरात मी त्यांच्या मागच्याच गल्लीत राहते, सकाळी गेले की ताईचे डोळे जागरणाने लाल आणि भाऊजी पोह्यांवर शेव भुरभुरत बसलेले. "काय म्हणतात पाय?" मी विचारायची. "पाय कायचे म्हणतात, ओरडून राहिले रात्रभर," ते म्हणायचे.

शेवटी तन्वीने धरून नेलंच. डॉक्टर सुचेता म्हणून आहेत, त्यांनी तपासलं आणि सांगितलं की हे शुगरने नसांवर आलेलं आहे. शुगर आटोक्यात आणा, गोड बंद, अनवाणी चालणं बंद. आग कमी व्हावी म्हणून झोपताना घ्यायची एक गोळी दिली, काही रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या आणि पुन्हा यायला सांगितलं. भाऊजींनी गोळी जेमतेम पंधरवडा घेतली. तिने सकाळी डोकं जड व्हायचं, तोल गेल्यासारखं वाटायचं. नवी गोळी अंगवळणी पडायला वेळ लागतो, त्रास झाला तर डॉक्टरांना सांगून मात्रा कमी करून घेता येते, हे सगळं नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी आपल्या मनाने गोळी बंद केली. का, तर एका मुंजीत बादली घेऊन वळताना ते किंचित झोकांडले आणि थोडं वरण कुणाच्या तरी धोतरावर सांडलं. आयुष्यात पहिल्यांदा सांडलं. "गोळी घेऊन झोपू की पंगत सांभाळू?" ते मला म्हणाले. मी हसले. हसण्यासारखंच बोलले होते. तपासण्याही राहिल्या आणि डॉक्टरांकडे परत जाणंही.

मग कुणीतरी सांगितलं की पहाटे दवातल्या गवतावर अनवाणी चालावं, उष्णता ओढली जाते. आपल्याकडे असं सांगणारा कुणीतरी दर गल्लीत असतोच. भाऊजी रोज कॉलनीच्या बागेत गवतावरून चालू लागले, आणि काही महिन्यांनी काय सांगावं, आग खरंच कमी झाली! आधी डाव्या पायाची गेली, पार गेली. उजवा थोडा कुरकुरायचा, पण डावा अगदी शांत. आता ते ढाराढूर झोपू लागले. ताईच्या डोळ्यांची लाली गेली. "बघ निर्मला," भाऊजी डावा पाय माझ्यापुढे नाचवून म्हणाले, "गोळी नाही, डॉक्टर नाही. गवतानं केलं काम." पायाखाली कापूस असल्यासारखं मऊमऊ वाटतं, असंही ते कौतुकाने सांगत. कुणाच्याही मनात शंका आली नाही. दुखणं थांबलं म्हणजे माणूस बरा झाला, हे कुठल्या घरात कुणाला शिकवावं लागतं? त्या वर्षी गणपतीत ताईने आनंदाने एकवीस मोदकांचा नैवेद्य दाखवला, आणि भाऊजींनी त्यातले बरेच खाल्ले.

आमच्या मंडळाचा महाप्रसाद विसर्जनाच्या आदल्या दिवशी असतो. सगळ्या भोपाळात आता बुफे झाले, लोक हातात ताटली घेऊन पनीरच्या मागे फिरतात, पण आमच्या मंडळाने जमिनीवरची पंगत सोडलेली नाही. शिवाजी नगरपासून गोविंदपुऱ्यापर्यंतचे झाडून सगळे मराठी लोक त्या दिवशी मांडी घालतात, गुडघे कुरकुरले तरी. त्या वर्षी भाऊजी पुन्हा जोमात होते. मी आणि ताई एकाच ओळीत बसलो होतो. समोरून भाऊजी वरणाची बादली घेऊन येत होते, आणि मागून तुपाची वाटी घेऊन येणाऱ्या एका पोरीचा त्यांना धक्का लागला. बादली कलली. वरण नुकतंच चुलीवरून उतरलेलं. ते भसकन त्यांच्या डाव्या पायावर सांडलं.

सगळ्या ओळीतून "अरे अरे!" उठलं. वाढणारी मुलं धावली. भाऊजींनी खाली पायाकडे पाहिलं. मग वर पाहिलं, हसले, आणि म्हणाले, "बसा, बसा! कुणी उठू नका. पंगत मोडायची नाही." खांद्यावरच्या पंच्याने त्यांनी पाय पुसला, बादली सावरली आणि पुढच्या पानावर वरण वाढलं. त्याच्या पुढच्या पानावरही. एकदाही चेहरा वाकडा केला नाही. आधी कुणीतरी एकट्याने टाळी वाजवली, मग सगळी पंगत टाळ्या वाजवायला लागली. उजवा हात खरकटा, म्हणून म्हातारे डाव्या हाताने मांडीवर थापा मारत होते. मंडळाचे अध्यक्ष जितेंद्रराव माइकवर म्हणाले, "याला म्हणतात निष्ठा!" मी ताईकडे पाहिलं. ती पदराने डोळे टिपत होती, इतका अभिमान तिला झाला होता. कुणीतरी सगळं मोबाइलवर घेतलं होतं, संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवरून नागपूरच्या नातेवाइकांपर्यंत पोचला.

घरी आल्यावर ताईने पायाला हळद-तूप लावलं. पायावर आणि बोटांखाली मोठे फोड आले होते. "दुखतंय का हो?" ती विचारायची. "छे, काहीच नाही," ते सांगायचे, आणि खोटं नव्हतं ते. दुखत नाही म्हणून डॉक्टर नाही, आणि दुखत नाही म्हणून चालणंही थांबलं नाही. सकाळी बाग, मग ठेला, मग मंडळाचा हिशेब, कारण उत्सवानंतर शंभर कामं असतात. फोड फुटले, ते मोज्याखाली झाकले गेले. ताईने बघायला मागितलं की "सुकून राहिलं, सुकून राहिलं," म्हणत ते पाय ओढून घ्यायचे. एका सकाळी तन्वी पुसलेल्या पांढऱ्या फरशीवरून चालत होती आणि थबकली. बैठकीपासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर मोज्यातून पाझरलेले ओलसर, पिवळट ठसे उमटले होते. फक्त डाव्या पायाचे. भाऊजी ओट्यापाशी उभे राहून मजेत चहा गाळत होते.

"पप्पा, पाय दाखवा," तन्वी म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात हिंदी नव्हती आणि लाडही नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर सुचेतांनी जखम पाहिली. मग त्यांनी भाऊजींना पाठीवर झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं, आणि पेनासारख्या एका दांडीला बसवलेला नायलॉनचा तुकडा हातात घेतला. "मी पायाला टोक लावीन. लागलं की 'हो' म्हणा." मी आणि ताई भिंतीपाशी उभ्या होतो. डॉक्टरांनी तो धागा डाव्या अंगठ्याखाली टेकवला, वाकेपर्यंत दाबला. मग तळव्याच्या मध्यावर, मग टाचेकडे. भाऊजी डोळे मिटून पडले होते, शहाण्या मुलासारखे. डॉक्टर जखम सोडून सगळा तळवा फिरून आल्या. मग भाऊजी म्हणाले, "करा ना सुरू, डॉक्टर."

ताईने माझा हात एवढा घट्ट धरला की माझ्या बांगड्या रुतल्या.

उजव्या पायाला मात्र ते अधूनमधून "हो" म्हणाले. एकदा तर "हो हो, हळू!" म्हणाले. मग डॉक्टरांनी त्यांना उठवून बसवलं आणि समजावून सांगितलं. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की नसा खराब होत जातात, आणि सगळ्यांत लांबच्या नसा पायाच्या, म्हणून सुरुवात पायापासून. खराब होणारी नस उगीचच चुकीचे निरोप पाठवते, काही नसताना मुंग्या, काही नसताना आग. ती आग म्हणजे नस अजून जिवंत आहे, त्रासात आहे. तेव्हा साखर सांभाळली, गोळी घेतली, तर आग कमी करता येते आणि पुढची खराबी बरीचशी थोपवता येते. पण तसंच राहू दिलं तर नस शेवटी गप्प होते. मग काटा टोचला तरी कळत नाही, भाजलं तरी कळत नाही. "तुमचा डावा पाय बरा झाला नव्हता, काका. त्याची जाणीव गेली होती."

"पण मऊ वाटत होतं," भाऊजी म्हणाले, "कापसावर चालल्यासारखं."

"ते जमीन न लागल्यामुळे," डॉक्टर म्हणाल्या.

भाऊजींनी आपला पाय दोन्ही हातांनी उचलून बघितला. मग माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "निर्मला, सारा जन्म मोटारी केल्या मी. आवाज करणारी मोटार आली आणि एकाएकी गप्प झाली, तर मी काय 'दुरुस्त झाली' म्हणून घरी गेलो असतो? वायंडिंग जळलं असंच म्हटलं असतं ना?" टोमणा मारायची सवय असलेल्या बाईला अशा वेळी तोंड कुठे ठेवावं कळत नाही.

जखमेतलं विष हाडापर्यंत गेलं होतं. डाव्या पायाची दोन बोटं काढावी लागली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. बाकी पाय वाचला, ते तन्वीने फरशी बघितली म्हणून. राहिलेल्या तपासण्या तेव्हा झाल्या. शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की कुणाकुणाचं बी-बारा जीवनसत्त्व कमी होतं आणि त्यानेही नसा बिघडतात. भाऊजींचंही कमी निघालं, त्याची इंजेक्शनं सुरू झाली. पायावर भार येऊ नये म्हणून कित्येक आठवडे प्लास्टर. उजव्या पायाच्या आगीसाठी तीच जुनी झोपतानाची गोळी, या वेळी अगदी थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवलेली. डोकं जड झालं नाही. गोळी तीच, हे कळल्यावर ताई देवघरात जाऊन बसली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

घरात नवे नियम आले. अनवाणी एक पाऊलही नाही, घरातसुद्धा मऊ तळव्याची चप्पल. बूट घालण्यापूर्वी आत हात घालून बघायचं, खडा आहे का. आंघोळीचं पाणी आधी ताईने कोपराने बघायचं. शेक नाही, गरम पाण्याची पिशवी नाही. आणि रोज संध्याकाळी ताई आरसा घेऊन खाली बसणार आणि दोन्ही तळवे, बोटांमधल्या जागा नीट बघणार. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला कसंतरी झालं. माझी बहीण, जिने आयुष्यात स्वतःला आरशात धड पाहिलं नाही, ती नवऱ्याचे तळवे आरशात बघत होती. पोहे-जलेबीच्या ठेल्याचं नाव त्या घरातून गेलं. लग्नांच्या पत्रिका येत राहिल्या, पण खाली पेनाने 'आशीर्वादास यावे' असं लिहिलेल्या. पूर्वी 'वाढायला यावे' असं असायचं. भाऊजी त्या वाचून घडी घालून ठेवत.

ताईने या सगळ्यात एक गोष्ट घट्ट धरून ठेवली होती. "बोटं गेली, पण त्यांचं नाव राहिलं," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि तो व्हिडिओ दाखवायची. "उकळतं वरण पायावर पडलं, पण हूं केलं नाही. दुसरा कुणी असता?" भाऊजी त्या वेळी उठून आत जायचे. मला वाटायचं, लाजतात.

पुढचा गणपती आला. जितेंद्रराव श्रीफळ घेऊन घरी आले. "दत्तूभाऊ, इस बार महाप्रसाद में आपका सत्कार," ते म्हणाले. मंडळाचे अध्यक्ष मराठी असले तरी आनंद झाला की हिंदीत शिरतात. पंगतीच्या आधी पडद्यावर तो व्हिडिओ दाखवायचा, मग शाल द्यायची, असा बेत होता. भाऊजी म्हणाले, "नको जितेंद्र. राहू दे." पण ताईचा चेहरा इतका उजळला होता की ते पुढे बोललेच नाहीत. सत्काराच्या दिवशी तिने त्यांना नवा झब्बा घातला, आणि खास बनवून घेतलेले रुंद बूट स्वतः पुसले. मंडळाच्या हॉलमध्ये पानं मांडली होती. भाऊजींना पंगतीच्या टोकाला खुर्ची दिली होती, बूट घातलेले पाय पानांपासून लांब ठेवून ते बसले.

व्हिडिओ सुरू झाला. मी तो कितीतरी वेळा पाहिला होता, पण मोबाइलवर, ताईच्या हातात. एवढ्या मोठ्या पडद्यावर पहिल्यांदाच बघत होते. वरण सांडलं, भाऊजींनी खाली पाहिलं, आणि पडद्यावर त्यांचा चेहरा स्पष्ट दिसला. ते आपल्या पायाकडे असं बघत होते जसं आपण रस्त्यात पडलेल्या दुसऱ्याच्या वस्तूकडे बघतो. पुढे हसू आलं, पण आधी हे होतं. हॉलमध्ये टाळ्या सुरू झाल्या, गेल्या वर्षीसारख्याच.

शाल घातली गेली. जितेंद्ररावांनी माइक पुढे केला, दोन शब्द बोला म्हणून. भाऊजी खुर्चीतून उठले.

"ही शाल मी घेऊ शकत नाही," ते म्हणाले. लोकांना वाटलं, नम्रपणा आहे, काही जण हसले. भाऊजी थांबले. "बहादुरी नव्हती ती. मला लागलंच नव्हतं. उकळतं वरण पडलं आणि काही लागलं नाही. ते मला तिथेच कळलं. तुम्ही आता पाहिलं ना, मी खाली पाहून राहिलो होतो? भीती वाटली मला. वाटलं, हा पाय कुणाचा आहे? सांगणार होतो, कुणीतरी बघा म्हणून. तेवढ्यात टाळ्या वाजल्या."

हसणारे थांबले. मागे स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज तेवढा येत होता.

"मग कसं सांगू?" भाऊजी म्हणाले. "एवढे लोक टाळ्या वाजवून राहिले. मी हसलो. घरी बायकोने विचारलं, दुखतं का? म्हटलं, नाही. नाही दुखत, हेच तर सांगायचं होतं, पण ते बोललो नाही. पाय जळत होते तेव्हा ओरडत होतो. जळायचे थांबले तेव्हा ओरडायला पाहिजे होतं." त्यांनी शाल काढून खुर्चीच्या पाठीवर ठेवली. "ज्यांचे पाय जळून राहिले असतील त्यांनी दाखवून घ्या. आणि ज्यांचे जळायचे थांबले, त्यांनी आजच जा. बस, एवढंच."

टाळ्या वाजल्या नाहीत. कशाला वाजवायच्या, कुणालाच कळलं नाही. जितेंद्रराव माइक घेऊन दोनदा "हं, हं" करून म्हणाले, "चला, वरण निवतंय, सुरू करा." आणि लोक जेवायला लागले, माना खाली घालून. ताई माझ्या शेजारी बसली होती. तिने पानाला हात लावला नाही. सगळ्या वर्षाचा तिचा एकच आधार होता, तो त्यांनी सगळ्यांसमोर काढून घेतला होता, आणि तोही खरं बोलून. मलाही भाऊजींचा राग आला होता आणि दयाही, दोन्ही एकदम, आणि राग जास्त होता.

रिक्षा करून आम्ही त्यांच्या घरी आलो. संध्याकाळ झाली तशी ताई नेहमीप्रमाणे आरसा घेऊन खाली बसली. भाऊजींनी बूट-मोजे काढले. मी दारापाशी खुर्चीवर होते, निघावं की थांबावं असं करत. ताईने डावा पाय मांडीवर घेतला, जिथे बोटं होती तिथल्या गुळगुळीत कातडीवरून अंगठा फिरवला.

"त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो तर?" तिने विचारलं.

"डॉक्टर म्हणाल्या, बहुतेक बोटं वाचली असती."

"म्हणजे टाळ्या वाजत होत्या तेव्हा बोटं होती."

"होती," भाऊजी म्हणाले.

"आणि मी रडत होते. अभिमानाने." ताईने तो पाय खाली ठेवला. "मी शेजारी झोपते हो तुमच्या. मला तरी सांगायचं होतं."

भाऊजींनी मान हलवली. बोलायला गेले, पण त्यांचं तोंडच वाकडं झालं. भाजल्यावर न हललेला तो चेहरा मी पहिल्यांदा असा पाहिला.

ताईने उजवा पाय उचलला आणि आरसा धरण्यासाठी तळव्याला हात लावला. भाऊजींनी झटकन पाय मागे घेतला.

"हळू ना! जळतं."

ताई थांबली. मग तिने तो पाय पुन्हा धरला, या वेळी अलगद, दोन्ही हातांत.

"जळतंय?" तिने विचारलं.

"हो."

"खूप?"

"हो गं."

"मग सांगत जा," ताई म्हणाली, आणि तो पाय छातीशी धरून रडायला लागली.